कड किती सरकली

सिएना, ३० ऑगस्ट २००४

विओला,

अक्षर शेजारच्या ओफेलियाचं आहे, मजकूर माझा. आयुष्यभर तार ऑफिसात बसल्यामुळे लांब वाक्य म्हणजे तिला उधळपट्टी वाटते. मी दहा शब्द सांगते, ती चार लिहिते. तेव्हा कुठे मी फार शहाण्यासारखी वाटले, तर माझे सहा शब्द तिनं खाल्ले असं समज.

फोन केला नाही, कारण फोन तुझ्या बापाच्या खुर्चीशेजारी आहे आणि बस चालवायची बंद झाल्यापासून तो त्या खुर्चीतच असतो. मी फोन उचलला की टीव्हीचा आवाज कमी करतो. एरवी हाका मारून घसा सुकला तरी ऐकू येत नाही.

एप्रिलात काय झालं ते तुला माहीत आहे. स्टेशनकडे जायची बस माझ्या इलियोनं जुन्या रस्त्यानं नेली. तू शाळेत होतीस तेव्हाच बंद झालेला तो मार्ग. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग उतरून चालत गेले. तेव्हापासून कंपनीनं त्याला घरी बसवलंय. त्या पादोव्हाच्या डॉक्टरबाई हो म्हणाल्या तरच परत बस मिळणार. आणि बाईंनी तपासणीची तारीख कुठली द्यावी? सतरा ऑगस्ट! पालिओच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी! आळ्याआळ्यांचे घोडे धावून चोवीस तास झालेले नाहीत, गावात कोणी शुद्धीवर नाही, आणि याला आठ वाजता हॉस्पिटलात बोलावलं. सिएनात जन्मलेल्या डॉक्टरनं स्वतःचं बाळंतपणसुद्धा त्या दिवशी ठेवलं नसतं. मी म्हटलं, बदला. त्या म्हणाल्या, मग डिसेंबर. म्हणून नेलं.

डोक्याची चित्रं काढायच्या त्या नळकांड्यात घातला, अर्धा तास ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाला, आवाज फार, पण सूर एकही धड नाही.

चित्रं तुझ्याकडे पाठवली असं बाई म्हणाल्या. दीड वर्षामागची तुझ्याकडे आहेतच. तेव्हा तूच त्याला आत घातला होतास, तुमच्या त्या अभ्यासात ‘निरोगी माणूस’ म्हणून. मी किती हसले होते! म्हटलं, पोरीला सगळ्या जगात नमुना म्हणून हाच सापडला.

आता सांग. त्याचा मेंदू आटतोय का? मी शाळेची पायरी चढले नाही, पण हो आणि नाही मला कळतं.

तुझी आजी,
आर्जिया

*

लंडन, १४ सप्टेंबर २००४

आजी,

हो किंवा नाही माझ्याकडे नाही. रागावू नकोस, कसं मोजतात ते आधी सांगते.

दोन पद्धती आहेत. पहिलीत जुनं चित्र घ्यायचं, त्यात मेंदू कवटीपासून वेगळा काढायचा आणि तो किती जागा व्यापतो ते मोजायचं. मग नव्या चित्राचं तसंच करायचं, आणि वजाबाकी. दुसरीत जागा मोजतच नाही. नवं चित्र जुन्यावर ठेवायचं. कवटी बदलत नाही, म्हणून कवटीला कवटी जुळवायची. मग मेंदूची कड आधी कुठे होती आणि आता कुठे आहे, ती किती आत सरकली, एवढंच बघायचं.

इथे वर्षभर वाद चाललाय तो यावरच. एका मोठ्या औषधाची चाचणी व्हायची आहे. शेकडो माणसं, प्रत्येकाची दोन-दोन, तीन-तीन चित्रं. ती कुठल्या पद्धतीनं मोजायची ते मी निवडून द्यायचं आहे. पद्धत चुकली तर औषधाचा उपयोग होऊनही झाला नाही असं दिसेल.

बाबांचं मी दोन्ही पद्धतींनी मोजलं. पहिली म्हणते, जवळपास काहीच गेलं नाही. पण तिची स्वतःचीच चूक एवढी असते की तिच्या ‘काहीच नाही’ला फारसा अर्थ नाही. दुसरी म्हणते, मेंदूच्या शंभर भागांतले दोनाहून जरा कमी गेले. त्यांच्या वयाच्या माणसाचा दीड वर्षात फार तर एक जातो.

दिवसभर मी अनोळखी लोकांचे मेंदू बघते. त्यांना नावं नसतात, क्रमांक असतात. बाबांचाही आहे. मी त्यांना त्या क्रमांकानंच उघडलं.  सगळं मोजून झालं, मग फाईल बंद करून मी पुढच्या माणसाची उघडली.

पण एक गोष्ट आहे. तहानलेल्या माणसाचा मेंदू थोडा आक्रसतो आणि पाणी प्यायला की पूर्ववत होतो. हे मी मनाचं सांगत नाही, मोजलेलं आहे. आणि पालिओचे चार दिवस बाबा काय करतात ते तुला नि मला माहीत आहे. घसा बसेपर्यंत ओरडायचं, वाईन प्यायची, झोपायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. सतरा तारखेला सकाळी ते मशीनमध्ये गेले ते अगदी सुकलेले असणार. दुसऱ्या पद्धतीत एकाच्या वर जे दिसतं ते सगळं त्या तहानेचं असू शकतं.

असंच झालं असणार ना आजी? बाबा दरवर्षीसारखेच ओरडले असतील ना?

विओला

*

सिएना, २७ सप्टेंबर २००४

विओला,

तुझं पत्र ओफेलियानं दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला काही कळलं नाही, दुसऱ्यांदा तिला.

मग मला वाटतं समजलं. चीज वाळतं तसंच ना? वरची साल तेवढीच राहते आणि आतला गोळा सालीपासून सुटायला लागतो. ओफेलिया म्हणते, पोटच्या मुलाला चीज म्हणू नये. मी म्हटलं, चीजला किंमत तरी येते.

मला तुझी पहिली पद्धत आवडली. तीच घे. तुमच्या साहेबांना सांग, आर्जियाबाईंनी निवडली. जी पद्धत काही गेलं नाही म्हणते ती चुकते कशी? आणि तिची चूक एवढी मोठी आहे म्हणतेस, तर असू दे की. चुका मोठ्या मनाच्या माणसांकडून होतात.

इलियो ओरडला का म्हणून विचारतेस. गोगलगायीच्या आळीत जन्मलेला माणूस पालिओत काय करतो हे मी तुला सांगायचं? तुझा बाप बाळ होता तेव्हा त्याला आळीत घ्यायला कारंज्यावर त्याच्या डोक्यावर पाणी घातलं, तर रडण्याऐवजी ज्यांच्याशी आपलं पिढ्यानपिढ्या वाकडं त्या कासवांच्या आळीकडे तोंड करून त्यानं थुंकी उडवली, असं तुझे आजोबा मरेपर्यंत सांगत होते. मी तिथेच होते. त्यानं फक्त दूध काढलं होतं. पण आजोबांचं मन मोडायचं कशाला.

तहानेचं तू म्हणतेस ते मला पटण्यासारखं आहे. तहान चांगली. तहान भागते.

तो बरा आहे. खातो, झोपतो. काल माझ्यासाठी मटार सोलून दिले. सालं पातेल्यात, दाणे कचऱ्यात. मी पातेलं तसंच चुलीवर चढवलं. सालांचंही सूप होतं.

आता ओफेलियाची बोटं दुखतात म्हणते. माझीही जीभ आज बोथट आहे.

आजी

*

लंडन, ११ ऑक्टोबर २००४

आजी,

तू ‘हो’ असं सरळ लिहिलं नाहीस, पण तुझं सरळ कधी असतं? मला कळलं.

मी निर्णय घेतला. दोन निर्णय घेतले.

चाचणीसाठी मी दुसरी पद्धत निवडली. शुक्रवारी बैठकीत सांगितलं. आमच्या प्रमुखांनी विचारलं, का? मी म्हटलं, दोन वेगवेगळ्या मापांची वजाबाकी केली की दोन्हींच्या चुका एकत्र येतात; कड सरकताना थेट बघितली तर बारीक बदलही हाती लागतो. सगळ्यांनी मान डोलावली. मी खाली बसले.

आणि डॉक्टरबाईंना लिहिलं की ऑगस्टचं चित्र बाद धरा. माणूस चार दिवस तहानलेला होता, त्या चित्रावरून काही ठरवता येणार नाही, वसंतात पाणीबिणी नीट पिऊन पुन्हा काढू. पहिल्या पद्धतीचा आकडाही कळवला. त्यांचं उत्तर आलं. मी या विषयातली, म्हणून त्यांनी मान्य केलं. त्या कंपनीला पत्र देतायत. नोव्हेंबरात, मृतांचा सण झाला की, बाबांना परत बसवर घेतील.

त्यांना सांगू नकोस, पत्र येईल तेव्हा त्यांनाच उघडू दे.

मला आनंद व्हायला हवा होता. बहुतेक होईल हळूहळू.

विओला

*

सिएना, २० ऑक्टोबर २००४

विओला,

ओफेलियाला आज बजावलंय, एक शब्द गाळायचा नाही. तिनं दार लावून घेतलंय. इलियो न्हाव्याकडे गेलाय. न्हावी आपल्या दारासमोर आहे, मी खिडकीतून त्याच्यावर डोळा ठेवून सांगतेय.

तुझा बाप ओरडला नाही. त्यानं यंदा शर्यत बघितलीच नाही.

पंधरा तारखेच्या संध्याकाळी, रस्त्यात टेबलं मांडून सगळी आळी जेवते त्या जेवणाला तो माझ्या आधी निघाला. दाढी केलेली, गळ्यात आपला लाल-पिवळा रुमाल. म्हणाला, ‘आई, तू सावकाश ये, मी तुझ्यासाठी जागा धरतो.’ मी पोचले तर आपल्या टेबलांवर नाही. म्हटलं, असेल कुणाशी गप्पा छाटत. ताट वाढून ठेवलं. ते गार झालं.

मग रस्त्याच्या तोंडाकडून माणसं गप्प व्हायला लागली. एक टेबल गप्प, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. मला वाटलं घोड्याला काही झालं. पण फोस्को येत होता. कासवांच्या आळीतला फोस्को, खाटीक. विसाव्या वर्षी ज्यानं तुझ्या बापाचा पुढचा दात पाडला, तोच. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आपल्या रस्त्यात कासव! एरवी असा चालत आला असता, तर परत उचलूनच न्यावा लागला असता. त्यानं स्वतःचा रुमाल काढून खिशात घातला होता. टोक बाहेर लोंबत होतं. आणि इलियोचा हात धरला होता, आपण म्हाताऱ्या बाईला जिना उतरवतो तसा.

आपल्या पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. एकानंही शिटी मारली नाही.

फोस्को माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘आर्जियाबाई, इलियोला जरा ऊन लागलं असावं. आमच्याकडे बसला होता थोडा वेळ.’

ऊन! सूर्य बुडून गेला होता.

आणि तुझा बाप खुशीत. म्हणाला, ‘आई, यंदा जेवण झकास आहे हं. पण आपली गाणी कुणी बदलली?’

तो सरळ त्यांच्या टेबलावर जाऊन बसला होता, विओला. गळ्यात आपला रुमाल घालून, सगळ्या कासवांच्या मध्ये. आणि त्यांनी त्याला वाढलं. कोणीतरी खुर्ची ओढून दिली, कोणी पाव पुढे केला, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत फोस्को शेजारी बसून राहिला. एवढी आळी जेवत होती. एकानंही त्याला शिवी दिली नाही. त्याच्या बापाला दिली नाही, मला दिली नाही.

तुझं चित्र नंतर निघालं. मला तेव्हाच कळलं.

सोळाला मी त्याला घरात ठेवला. खिडक्या लावून घेतल्या. शर्यतीची तोफ उडाली तेव्हा विचारलं, कसला आवाज? मी म्हटलं, ओफेलियानं कपाट पाडलं. कलिंगड कापून दिलं, ते त्यानं सगळं संपवलं. लिंबाचं सरबत प्यायला. लवकर झोपला. सतराला नळकांड्यात गेला तो पोटभर पाणी पिऊन, झोप पूर्ण करून. गावात त्या दिवशी तहान नसलेला तो एकटाच माणूस असेल.

मी रडले नाही. टेबलावर कलिंगडाच्या बिया पडल्या होत्या, त्या गोळा केल्या. नंतरही रडू आलं नाही. येईल म्हणून मी वाट बघितली, मग भांडी घासली.

तुला आधी सांगितलं नाही. तू तहान म्हणालीस आणि ती तहान मलाही आवडली. म्हटलं, शिकलेली पोरगी म्हणतेय तर असेल. पण बस आडवी आली. सकाळच्या बसमध्ये शाळेची मुलं असतात, विओला, आणि आपल्या रस्त्यांना एका बाजूला भिंत असते नि एका बाजूला काही नसतं.

डॉक्टरबाईंना लिही. आजच लिही.

न्हाव्याचं झालं. इलियो रस्त्यात उभा राहून दोन्हीकडे बघतोय. मी हाक मारते.

आजी

*

लंडन, २८ ऑक्टोबर २००४

आजी,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी डॉक्टरबाईंना फोन केला. तहान नव्हती, चित्र बाद धरू नका, माझं पत्र मागे घेते, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मुलीनं मोजायला नको होतं. मी द्यायलाही नको होतं.’ कंपनीला त्यांनीच कळवलं. बस नाही.

इथेही सांगितलं की माझ्या वडिलांचं चित्र मी मोजलं होतं आणि एकदा चुकीचं मत दिलं होतं. बाबांचा क्रमांक निरोगी लोकांच्या यादीतून काढला. चाचणीसाठी निवडलेली पद्धत तीच राहिली. तिच्यात काही खोट नव्हती. मला जे आता कळलं ते तिनं आधीच दाखवलं होतं.

तू का सांगितलं नाहीस असं विचारणार होते. नाही विचारत. मी प्रश्न विचारतानाच त्याचं उत्तर तुला लिहून दिलं होतं.

बाबांची दोन्ही चित्रं मी पुन्हा एकदा एकमेकांवर ठेवली. मोजायला नाही. कवटी कवटीशी अगदी बरोबर बसते, केसाचाही फरक नाही. आत मात्र कड थोडी मागे गेली आहे आणि मधे बारीक काळी रेघ आहे. बस तेवढंच. मी बराच वेळ बघत होते. मग शेजारच्या मुलीनं विचारलं, जेवायला येतेस का? गेले. जेवले.

नाताळला येते.

विओला

*

सिएना, ९ फेब्रुवारी २००५

विओला,

तू गेल्यावर घर मोठं वाटतंय, पण इलियो ती जागा भरून काढतो. चपला प्रत्येक खोलीत एकेक.

तुझ्यासमोर डॉक्टरबाईंनी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो काय म्हणाला, ते मी गावभर सांगत फिरते. ‘किती गेला?’ ‘शंभरातले दोन, थोडे कमी.’ ‘आणि उरलेले अठ्ठ्याण्णव माझ्याच नावावर ना?’ बाईंना हसू की नको कळेना. पादोव्हाची माणसं.

पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी हे पत्र सांगतेय.

तू इथे होतीस तेव्हा तुझ्या लक्षात आलं नसेल, कारण तू नाताळात आलीस आणि नाताळात सगळेच गोड असतात. हल्ली इलियो रस्त्यावरून निघाला की कासवं टोपी काढतात. दुकानात त्याला पुढे घेतात. मागच्या आठवड्यात त्यांचा एक टग्या पोरगा, ज्याच्या तोंडून मी आजवर एक सभ्य शब्द ऐकला नव्हता, तो त्याला म्हणाला, ‘नमस्कार इलियोकाका, सांभाळून हं, पायरी आहे.’ इलियो घरी आला आणि खुर्चीत बसला. टीव्ही लावला नाही. मी विचारलं, काय रे? म्हणाला, ‘आई, मी काही केलंय का? कोणी माझ्याशी भांडतच नाही.’

रात्रभर त्यावर विचार केला. सकाळी डोक्याला रुमाल बांधला आणि कासवांच्या आळीत गेले. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी त्या रस्त्यात पाऊल ठेवलं नव्हतं; बाजाराला जाताना वळसा घालून जाते, तुला माहीत आहे. फोस्कोच्या दुकानात गर्दी होती. मी आत गेले तर सगळ्या बाया गप्प. फोस्को सुरा खाली ठेवून म्हणाला, ‘बसा आर्जियाबाई. काय देऊ?’

मी म्हटलं, ‘मांस नको. तुझं मांस कसं असतं ते मला माहीत आहे. माझ्या मुलाला शिव्या दे.’

‘काय?’

‘पूर्वी देत होतास तशा. रस्त्यात. मोठ्यानं.’

त्यानं हात पुसले. पुन्हा पुसले. म्हणाला, ‘बाई, आता ते बरं नाही दिसत. आजारी माणूस.’

‘मेलेल्याला शिव्या देत नाहीत, फोस्को. तो जेवतो, दाढी करतो, माझ्याशी वाद घालतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आत्ताच पुरलाय.’

एक बाई रडायला लागली. मी तिला म्हटलं, तू आधी तुझं मटण घे, रांग अडते. फोस्कोनं पुन्हा सुरा उचलला. मी घरी आले. वाटेत पाय दुखले एवढंच आठवतं.

गुरुवारी दुपारी मी सूप वाढत होते. खिडकीखाली गळा खाकरल्याचा आवाज आला. मग फोस्को. आधी घाबरत, शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा: ‘ए बुळबुळ्या!’ मग काहीच नाही. मग जरा मोठ्यानं: ‘ए इलियो! घर पाठीवर घेऊन लपलास काय? तुमचा घोडा अजून गेल्या वर्षीची फेरी पुरी करतोय! खाली ये, उरलेले दात पण नेतो!’

इलियोच्या हातातला चमचा तसाच राहिला. मला वाटलं घाबरला. ओफेलिया इथेच होती, तिनं माझा दंड धरला. तो उठला, खुर्ची पाडली, खिडकी उघडली आणि बाहेर वाकून जे काही बोलला, विओला, ते पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, फोस्कोच्या आजीपासून त्यांच्या आळीच्या घंटेपर्यंत, एक अक्षर न चुकता. ओफेलिया ते लिहायला तयार नाही. तार ऑफिसात असताना असला मजकूर परत करत होतो म्हणते.

खालून फोस्को ओरडला, ‘पुन्हा येईन!’ त्याचा आवाज बसला होता.

इलियोनं खिडकी लावली. खुर्ची उचलली. तोंड लाल झालं होतं.

‘आई,’ म्हणाला, ‘कोण होता गं तो?’

‘वैरी आहे तुझा,’ मी म्हटलं.

‘असं होय,’ म्हणाला, आणि सूप जेवायला बसला.

आजी